ओवीतून दोत्रीन शिकविणारा पाद्री गुरू : फादर थॉमस स्टीफन्स

पुणे जिल्ह्याच्या दक्षिणेस भोर आणि वेल्हे हे दोन डोंगराळ तालुके आहेत. वेल्हे तालुक्याला अलीकडे राजगड हे नाव मिळाले. नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांत पाऊस भरपूर, भाताची खाचरे पुष्कळ आणि वाड्यावस्त्या दूरदूर विखुरलेल्या. या भागातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या पहाटे जात्यावर बसून ओव्या गात आल्या. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी प्वातवँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी सह्याद्रीच्या या पट्ट्यातून आणि पुढे महाराष्ट्राच्या इतर जिल्ह्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आईच्या मांडीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत असलेले मूल त्या ओव्या ऐकत असे. त्याला कोणी मुद्दाम शिकवीत नसे, पण पाचव्या-सहाव्या वर्षी ते त्या गुणगुणू लागे. देवाचे नाव, माहेरची वाट, पंढरीची वारी, रामसीतेचे दुःख, सारे काही मुलाकडे आले ते गाण्यातून.

मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी अशी ही गोष्ट आहे. सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी धर्मगुरूने ती लक्षात घेतली होती. त्याने ओवी हाती घेतली आणि तिच्यातून प्रभू येशूची कथा आपल्या लोकांना दिली. त्याचे नाव आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे: ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. शाळेच्या पाठ्यपुस्तकातून बहुतेकांना ते मराठीची थोरवी गाणारे इंग्रज कवी म्हणून ठाऊक असतात. परंतु ते आधी धर्मगुरू व धर्मशिक्षक होते आणि कवी नंतर झाले, हे आपण विसरून जातो.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. थॉमस तरुण झाले तेव्हा इंग्लंडमध्ये राणी पहिली एलिझाबेथ हिचे राज्य होते आणि कॅथलिक श्रद्धा उघडपणे पाळणे धोक्याचे झाले होते. मिस्सा चोरून होत असे. थॉमस पाउंड नावाचे एक श्रीमंत सद्‌गृहस्थ श्रद्धेसाठी सर्वस्व सोडण्यास तयार झाले होते. त्यांच्या सहवासात स्टीफन्स यांनी काही काळ काढला. पाउंड यांचा सेवक म्हणून ते वेष पालटून त्यांच्याबरोबर हिंडत असत. दोघांनी मिळून रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावयाचे ठरविले. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले व त्यांच्या आयुष्याची जवळजवळ तीस वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि १५७५ साली त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. मायदेशी परतण्याचा मार्ग बंद झाल्यासारखाच होता. त्यांनी भारतात जाण्याची परवानगी मागितली व ती त्यांना मिळाली.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज सुटले. हा प्रवास सहा महिन्यांहून अधिक चालला. गोव्याला पोहोचल्यावर त्यांनी आपल्या वडिलांना जे पत्र लिहिले ते पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले आणि त्या काळी पुष्कळ वाचले गेले. त्यात वारे, प्रवाह, पक्षी, मासे यांचे बारीक वर्णन आहे. हिरड्या सुजण्याच्या आजाराने जहाजावरील दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि सत्तावीस दगावले. त्या जहाजावर लहान मुलेही होती. समुद्राचा त्रास मोठ्यांपेक्षा मुलेच अधिक सहन करतात असे निरीक्षण त्यांनी नोंदविले आहे. मुलांकडे पाहणारी नजर या माणसाला पहिल्यापासून होती, असे हे वाचताना वाटते. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास उतरले. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार सामान्यतः त्यांचेच नाव घेतात.

गोव्यात मुलांना गाण्यातून धर्म शिकविण्याची पद्धत त्यांच्या आधीच रूढ झाली होती. १५४२ साली संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास आले तेव्हा ते हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत आणि मुलांना गोळा करीत. श्रद्धेची मूलतत्त्वे चालीवर म्हणून घेत. मुले ती घरी म्हणत, आणि मुलांकडून ती आईबापांपर्यंत व नोकरचाकरांपर्यंत जात. पुढे गोव्याच्या धर्मग्रामांत ‘मेस्त’ हा शिक्षक आला. तो मुलांना दोत्रीन शिकवी, गाणे व वाद्य शिकवी आणि चर्चची गायनसेवा सांभाळी. आपल्याकडील कित्येक चर्चमध्ये नाताळच्या आधी महिनाभर मुलांना गाणी बसवून घेणारी जी ताई किंवा जो मास्तर असतो, तो याच मेस्तांच्या परंपरेतील म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या वाट्याला आभाराचे दोन शब्द क्वचितच येतात, ही गोष्ट वेगळी.

परंतु या परंपरेत एक उणीव होती. ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी गाणी आणि पुराणे मागे राहिली, आणि त्यांच्या जागी जे आले ते बरेचसे लॅटिन व पोर्तुगीज भाषांत होते. मुले प्रार्थना पाठ करीत, पण कित्येक शब्दांचा अर्थ त्यांना कळत नसे. प्रार्थना ओठांवर होती; घरात, शेतात, जात्यावर गाण्यासारखे काही नव्हते.

धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाल्यावर फादर स्टीफन्स यांनी आपले जवळजवळ सारे आयुष्य साष्टी म्हणजे सासष्टी तालुक्यात काढले. मडगाव आणि राशोल ही त्यांची मुख्य ठिकाणे. हा प्रदेश शांत नव्हता. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती, लोकांच्या मनांत राग धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे फादर रुदोल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार येशूसंघीय साथीदार जमावाकडून मारले गेले. त्यांच्याबरोबर काही स्थानिक ख्रिस्ती लोकही मारले गेले. फादर अक्वाविवा काही महिन्यांपूर्वीच सम्राट अकबराच्या दरबारातून परतले होते. या हत्येनंतर कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. मारल्या गेलेल्या बांधवांचे मृतदेह परत मिळवून त्यांचे ख्रिस्ती रीतीने दफन करण्याच्या कामी फादर स्टीफन्स पुढे होते. त्या पाच जणांना १८९३ साली धन्यवादित घोषित करण्यात आले. किल्ल्यात मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची आठवण कुंकळ्ळीचे लोक आजही ठेवतात. दोन्ही बाजूंचे हे रक्त ज्याने जवळून पाहिले, त्याने पुढे त्याच लोकांची भाषा शिकण्यात आणि त्यांच्याच छंदात गाण्यात तीस-पस्तीस वर्षे घालविली. ख्रिस्तपुराण वाचताना ही पार्श्वभूमी विसरता कामा नये असे मला वाटते.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिले. त्यात या प्रदेशातील भाषांची रचना लॅटिन व ग्रीक भाषांशी मिळतीजुळती असल्याचे त्यांनी कळविले. भाषाशास्त्रज्ञांनी ही गोष्ट पद्धतशीर मांडण्यास आणखी दोनशे वर्षे लागली. वर्षअखेरीस राल्फ फिच व त्यांचे इंग्रज सोबती गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांना जामिनावर सोडविण्यासही फादरांनी मदत केली. माणूस आपल्या देशाला विसरला नव्हता, पण त्याचे घर आता साष्टी होते.

साष्टीत त्यांच्यापुढे दोन भाषा होत्या. लोक घरात बोलत ती कोकणी, ज्या बोलीला पोर्तुगीज लोक त्या काळी ब्राह्मण कानारी म्हणत. पुराणे, कथा आणि भक्तिकाव्य ज्या भाषेत होते ती मराठी. येशूसंघीयांच्या हाती मराठी पोथ्या पूर्वीच आल्या होत्या. त्यांतील काही हिंदूंच्या घरांतून बळजबरीने उचलून आणलेल्या होत्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. फादरांनी या दोन्ही भाषांना आपापले काम दिले. मुलांना प्रश्नोत्तरांतून श्रद्धा समजावून देण्यासाठी त्यांनी बोलीभाषेत दोत्रीन लिहिली. मार्कुस जोर्ज यांच्या पोर्तुगीज धर्मशिक्षण पुस्तकावर ती बेतलेली आहे. ती १६२२ साली राशोल येथे छापली गेली व कोकणीतील पहिले छापील पुस्तक ठरली. त्या बोलीचे व्याकरणही त्यांनी लिहिले. फादर दियोगु रिबैरु यांनी त्यात भर घालून ते १६४० साली प्रसिद्ध केले. भारतीय भाषेचे छापून निघालेले पहिले व्याकरण म्हणून त्याची गणना होते. ही दोन्ही पुस्तके छापून आली तेव्हा लेखक हयात नव्हते. आणि गाण्यासाठी, मनात घोळविण्यासाठी त्यांनी मराठी ओवी घेतली.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभी त्यांनी स्वतःच या ग्रंथाच्या जन्माची हकिकत दिली आहे. साष्टीतील एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोत्रीन चालू असता नव्याने ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाने पाद्री गुरूंना आपल्या मनातील खंत सांगितली. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला ऐकावयास व वाचावयास दुसरी पुराणे का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. दोत्रीन चांगली आहे, पण तेवढ्याने मन भरत नाही, अशी ही तक्रार होती. आजही धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे मूल असाच प्रश्न विचारते, फक्त त्याचे शब्द निराळे असतात. पुष्कळदा आपण त्याला गप्प बसवितो. फादर स्टीफन्स यांनी प्रश्न मनावर घेतला आणि त्याचे उत्तर जवळजवळ अकरा हजार ओव्यांत दिले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पैले पुराण’ या भागात छत्तीस अवस्वर, म्हणजे अध्याय आहेत. त्यांत विश्वाच्या निर्मितीपासून तारणाऱ्याच्या आगमनाची वाट पाहणाऱ्या संदेष्ट्यांपर्यंतची कथा येते. ‘दुसरे पुराण’ एकोणसाठ अवस्वरांचे आहे आणि त्यात प्रभू येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान यांचे वर्णन आहे. उपासनावर्षाच्या दृष्टीने पाहिले तर आगमनकाळात संदेष्ट्यांचे भाग, नाताळात जन्माचा भाग, प्रायश्चित्तकाळात दुःखसहनाचा भाग असे प्रत्येक ऋतूला त्याचे गाणे या एका ग्रंथातून मिळू शकते. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, मुक्तीला मोक्ष म्हटले, आणि स्वतःचा उल्लेख पाद्री गुरू असा केला. जेथे जुना शब्द पुरेसा वाटला नाही तेथे पोर्तुगीज शब्द जसाच्या तसा ठेवला. ही सरमिसळ आज कानाला नवखी वाटते, पण ज्यांच्यासाठी ती होती त्यांना ती घरचीच वाटली असणार.

ओवी निवडण्यात त्यांची शिक्षकाची दृष्टी दिसते. ग्रंथातील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड असतो. तीन वेळा तोच नाद कानी पडला की पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज मुलालाही येतो. चौथ्या चरणाशी श्वास घ्यावयास जागा मिळते. अक्षरांची संख्या ठरलेली नसल्यामुळे चाल थोडी ओढून किंवा आवरून सांभाळून घेता येते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही शंभर-शंभर ओव्या पाठ होतात त्या यामुळे. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली हीच ओवी वापरली. संत एकनाथांनीही तीच वापरली. फादर गोव्यात उतरले तेव्हा नाथ पैठणला हयात होते. भोर-वेल्ह्याची जात्यावरची ओवी थोडी वेगळी, अधिक मोकळी. पण दोघींचे कूळ एकच. मराठीच्या स्तुतीच्या ज्या ओव्या आपण शाळेत शिकलो, त्यांत फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष यांतील जे जे श्रेष्ठ ते त्यांनी मराठीच्या पारड्यात टाकले आहे. इंग्लंडमध्ये बालपण घालविलेल्या माणसाने हे लिहिले याचे कौतुक सर्वांनाच असते. मला त्याहून अधिक कौतुक वाटते ते या गोष्टीचे की पन्नाशी उलटलेल्या या धर्मगुरूने दोत्रीन, व्याकरण आणि पुराण ही तीन कामे धर्मग्रामाची नित्याची जबाबदारी सांभाळून केली.

त्यांची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. डिसेंबर १६०८ मध्ये त्यांनी रोम येथे आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून या देशाच्या लिपीत पुस्तके छापण्याची सोय व्हावी अशी विनंती केली. आपल्या लोकांनी आपल्याच अक्षरांत प्रभूची कथा वाचावी, असे त्यांना वाटत होते. परंतु आपल्या लिपीत जोडाक्षरे व चिन्हे पुष्कळ असल्याने शेकडो खिळे पाडावे लागतात, आणि ते काम झाले नाही. १६१६ साली राशोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. त्यानंतर तीन वर्षांनी, १६१९ साली, फादर स्टीफन्स प्रभूघरी गेले. आपण ज्या भूमीवर राहतो तिच्या इतिहासाशी हा काळ जुळवून पाहिला तर शिवाजी महाराजांचा जन्म व्हावयास अजून अकरा वर्षे होती, आणि राजगड तेव्हा मुरुंबदेवाचा डोंगर म्हणून ओळखला जात होता.

ग्रंथाचे पुढचे आयुष्य त्याच्या कर्त्याच्या आयुष्याइतकेच खडतर आहे. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. चर्चमध्ये रविवारी व सणाच्या दिवशी तो वाचला आणि गायला जाऊ लागला. पण १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले व तीन वर्षांत लोकांनी पोर्तुगीज बोलावे असे ठरविले. ज्या भाषेत फादरांनी श्रद्धा रुजविली तीच आता अडथळा मानली गेली. या फर्मानाने किती घरांतील गाणी बंद पडली असतील याची कल्पना करवत नाही. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

पुराण वाचले ते हस्तलिखितांत आणि लोकांच्या तोंडी. गोव्यातून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दक्षिणेला कर्नाटकाच्या किनाऱ्याकडे गेली, त्यांच्या सामानात या पोथ्या होत्या. १७८४ साली टिपू सुलतानाने मंगळूर भागातील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणला बंदिवासात नेले. ही कैद १७९९ पर्यंत चालली. तेथे ना चर्च होते ना नियमित धर्मगुरू. त्या वर्षांत लोकांनी ख्रिस्तपुराणाच्या ओव्या म्हणून आपली श्रद्धा जिवंत ठेवली, असे मंगळूरकडील ख्रिस्ती परंपरा सांगते. बंदिवासात जन्मलेल्या मुलांना दोत्रीन कोणी शिकविली असेल, तर ती अशाच आयांनी आणि आज्यांनी. त्या भागात विशेष प्रसंगी हे पुराण गाण्याची प्रथा १९३० च्या दशकापर्यंत टिकून होती.

१९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी पाच हस्तलिखिते जुळवून ख्रिस्तपुराणाची नवी आवृत्ती काढली. तीही रोमन लिपीतच होती. पुढे लंडनच्या मार्सडेन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित असल्याचे अभ्यासकांच्या लक्षात आले. म्हणजे कोणी तरी हा ग्रंथ हाताने देवनागरीत उतरवून ठेवला होता. छापखान्याने दिले नाही ते एखाद्या लेखनिकाने आपल्या बोरूने दिले.

१९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांची आवृत्ती मुंबईहून आली, आणि २००९ साली सालेशियन संघाचे फादर नेल्सन फलकाव यांनी मूळ ओव्यांसोबत आजच्या मराठीतील गद्य अर्थ दिला. भोर किंवा वेल्ह्याच्या शाळेत मुले ज्या अक्षरांत पहिली बाराखडी गिरवितात, त्याच अक्षरांत आता हे पुराण वाचावयास मिळते. राशोलहून रोमला ज्या अक्षरांची विनंती पाठविली होती ती पुण्यातील छापखान्यात जुळली, तेव्हा त्या पत्राला तीनशे अठ्ठेचाळीस वर्षे होत आली होती.